पलीकडची मुलगी, अलीकडचा कायदा

कार्टून हा शब्द आंबेडकरी माणसासमोर उच्चारला की त्याच्या कपाळावर आठी पडते. २०१२ साली अकरावीच्या पाठ्यपुस्तकातल्या त्या व्यंगचित्रावरून संसदेपर्यंत जे रण पेटले होते, ते आपण कोणी विसरलेलो नाही. दुसरे कार्टून म्हणजे घरातली पोरे मोबाईल घेऊन तासन्‌तास जे बघत बसतात ते. त्यावरही आपला राग असतोच. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत होते आणि आमची पिढी जपानी बाहुल्या बघते, असे भाषणातून ऐकवण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. अशा वाचकांना मी आज एका जपानी कार्टूनपटाविषयी वाचायला लावणार आहे. कारण इतकेच, की त्या चित्रपटाचा विषय अथपासून इतिपर्यंत स्पर्श हा आहे, आणि स्पर्श हा विषय आपल्याइतका जगात दुसऱ्या कोणाच्या अंगावरून गेलेला नाही.

चित्रपटाचे नाव 'तोत्सुकुनी नो शोजो'. मराठीत सांगायचे तर 'पलीकडच्या देशातली मुलगी'. नागाबे नावाच्या जपानी चित्रकथाकाराची ही गोष्ट २०१५ ते २०२१ या काळात तिकडच्या एका मासिकातून क्रमशः आली. त्यावर विट स्टुडिओ या संस्थेने २०१९ मध्ये दहा मिनिटांचा आणि २०२२ मध्ये सत्तर मिनिटांचा चित्रपट काढला. युतारो कुबो आणि सातोमी माइया हे त्याचे दिग्दर्शक. मोठ्या चित्रपटाला वाचकांनी वर्गणी काढून पैसा पुरवला, हे जयंतीची पावती फाडणाऱ्या आपल्या लोकांना ओळखीचे वाटेल.

गोष्ट अगदी साधी. जगाचे दोन भाग आहेत. एक 'आतला' देश, तिथे माणसे राहतात. दुसरा 'बाहेरचा' देश, तिथे शापित जीव राहतात. बाहेरच्याने शिवले की शाप लागतो आणि माणूस स्वतःच बाहेरचा होतो. दोहोंच्या मधल्या ओसाड जंगलात एक टाकून दिलेली लहानशी मुलगी सापडते. पांढऱ्या झग्यातली, बडबडी, निर्भय. तिला सांभाळणारा आहे एक उंच, काळा, शिंगे असलेला, जनावराच्या तोंडाचा जीव. तो एकेकाळी माणूस होता, आता बाहेरचा आहे. त्याला भूक लागत नाही, झोप येत नाही. तरी तो तिच्यासाठी चहाचे टेबल मांडतो, समोर बसतो. ती त्याला 'सेन्सेई' म्हणते, म्हणजे गुरुजी. मावशी आपल्याला न्यायला येईल म्हणून ती वाट बघते आहे. आपल्याला टाकून दिलेले आहे हे तिला ठाऊक नाही. त्याला ते कळते आणि तो सांगत नाही. दोघांच्या संसारात नियम एकच : शिवायचे नाही.

मुलीचे नाव शिवा.

जपानी लेखकाने हे नाव मराठी डोक्यात धरून दिलेले नाही. पण मराठी कानाला ते ऐकू यायचे तसेच येते. शिवणे, शिवाशिव, शिवू नको. आमच्या भाषेत शिवणे म्हणजे हात लावणे आणि शिवणे म्हणजे टाके घालून दोन तुकडे जोडणेसुद्धा. ज्या समाजाला एका क्रियापदात हे दोन्ही अर्थ सापडले, त्याने हजार वर्षे पहिल्या अर्थाला बंदी घातली आणि दुसरा तेवढा शिंप्याकडे सोडला.

आमच्या पिंपरी-चिंचवड भागातल्या एका विहारात उन्हाळी शिबिरात मी हा चित्रपट मुलांना दाखवला. मराठीत तो नाही. म्हणून मी बाजूला बसून गोष्ट सांगत होतो. विहारातली मुले म्हणजे कोण, तर कोणाचा बाप भोसरीच्या वर्कशॉपात, कोणाची आई आकुर्डीत चार घरची धुणीभांडी करणारी, दोन-तीन घरे परभणी-हिंगोलीकडून कामाला आलेली. अर्ध्यावर एका मुलीने विचारले, "सर, तो वाईट नाहीये ना? मग तो तिला शिवत का नाही?" मी उत्तर जुळवतो आहे तोवर मागून एक पोरगा बोलला, "कारण मग तिच्यावर राज्य येईल."

पकडापकडीच्या खेळातला हा शब्द. ज्याला शिवले त्याच्यावर राज्य. जपानात या खेळाला 'ओनिगोक्को' म्हणतात. ओनि म्हणजे राक्षस, आणि ज्याला शिवले तो राक्षस होतो. म्हणजे त्या पोराने एका वाक्यात चित्रपटाचे मूळ पकडले. जपानी मुलांना खेळातला शापित राक्षस दिसतो, आम्ही मात्र त्याला राज्य देऊन मोकळे होतो. बरे आहे. खेळात का होईना, ज्याच्यापासून सगळे पळतात त्याच्याच हाती राज्य असते, हे आमच्या पोरांना पाठ आहे.

पण त्या मुलीचा प्रश्न राहिलाच. तो वाईट नाही, मग शिवत का नाही? इथे हा चित्रपट आपल्या अनुभवाच्या नेमका उलट उभा आहे. आपल्याकडे अंतर राखणारा स्वतःला पवित्र समजतो आणि समोरच्याला घाण. इथे अंतर राखणारा स्वतःला विषारी समजतो आणि समोरच्या लेकराला जपतो. दूर हो, असे तो म्हणतो ते प्रेमाने. म्हणून आपल्यातल्या काही मित्रांना हा चित्रपट खटकला. एक प्राध्यापक मित्र म्हणाले, "ही तर अस्पृश्यतेला गोडवा लावण्याची युक्ती झाली." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, त्याकडे मी येणार आहे. आधी एक बैलगाडी.

साल १९०१ च्या सुमाराचे. सातारा जिल्ह्यातले मसूर स्टेशन. नऊ-दहा वर्षांचा भीमा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले वडिलांकडे कोरेगावला निघालेली. चांगले कपडे बघून स्टेशन मास्तर आधी विचारपूस करतो, जात कळल्यावर पाच पावले मागे सरतो. एकही गाडीवान मिळेना. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि अट अशी की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली ही हकीकत आपल्या प्रत्येक वाचकाला माहीत आहे. पण तिच्यातला एक तपशील भाषणात सहसा येत नाही. रात्र पडली, रस्ता निर्मनुष्य झाला, तेव्हा तोच गाडीवान मुकाट्याने गाडीत येऊन बसला. पोरांना नवल वाटले, पण विचारायची हिंमत झाली नाही.

आता जपानी चित्रपटातला तो शिंगवाला गुरुजी आणि आपला मसूरचा गाडीवान शेजारी शेजारी ठेवा. दोघेही बहिष्कृत लेकरांच्या बाजूने चालतात आणि दोघेही शिवत नाहीत. पण गुरुजीचा नियम बघणारा कोणी नसतानाही पाळला जातो, कारण त्याची भीती खरी आहे. गाडीवानाचा नियम अंधार पडताच संपतो, कारण त्याला विटाळाची भीती नव्हतीच. भीती होती बघणाऱ्यांची. जो विटाळ काळोखात होत नाही तो विटाळ कसला? माझ्या व्यवसायात याला साक्षीदाराची उलटतपासणी म्हणतात. अस्पृश्यतेची आजवर झालेली सर्वात छोटी आणि सर्वात निर्णायक उलटतपासणी मसूर-कोरेगाव रस्त्यावर चार पोरांनी तोंडातून शब्द न काढता घेतली.

आणि प्रेमाने सांगितलेले 'शिवू नको' आपल्याकडे नाही असे कोण म्हणतो? ते आपल्याच घरात आहे. माझी आजी सुट्टीत गावी गेलेल्या आम्हा नातवंडांना सांगायची, "लांबूनच पाणी माग रे, भांड्याला हात लावू नको." तिला काय आम्ही घाण वाटत होतो? आम्हाला मार बसेल ही तिची भीती होती. गावकुसाबाहेरच्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या लेकरांना हा धडा दिला तो जीवाच्या आकांताने दिला. बाहेरचा कायदा क्रूर असला की घरातली माया त्याची पहारेकरी होते. हा चित्रपट ते दाखवतो, आणि एकही शिवी न देता दाखवतो, म्हणून मला तो मोठा वाटतो.

मराठीत ही गोष्ट कोणी सांगितली आहे का? सांगितली आहे, आणि जपान्यांच्या आधी सांगितली आहे. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ सालचा. १४ फेब्रुवारी २०१४ ला तो थिएटरात आला. त्याला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला आणि जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार. अकोळनेर हे नगर भागातले गाव. कैकाडी समाजातला जब्या, त्याच्याबरोबर रानोमाळ हिंडणारा दोस्त पिऱ्या, आणि सायकलच्या दुकानातला चंक्या. शाळेतल्या शालूसाठी जब्या काळी चिमणी शोधतो आहे. ती जाळून तिची राख शालूवर टाकली की ती आपली होईल, असे त्याला कोणीतरी सांगितले आहे. ही परीकथाच नव्हे काय? फक्त आपल्या परीकथेत जंगलाच्या जागी बाभळी आहेत आणि राक्षसाच्या जागी गावातले टगे.

बहुतेक समीक्षकांनी जब्याच्या अखेरच्या दगडावर लिहिले. लिहायलाच हवे. मला मात्र पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो तो बाप, कचरू. किशोर कदमांनी केलेला. गावाने डुकरे धरायला सांगितली की तो मान खाली घालून निघतो आणि पोरालाही ओढतो. त्याच्या ओरडण्याच्या मुळाशी तीच भीती आहे, जी माझ्या आजीच्या सांगण्यात होती. कचरू म्हणजे आमचा शिंगवाला गुरुजीच, फक्त चहाचे टेबल मांडायला त्याच्याजवळ टेबल नाही आणि वेळही नाही. जपानी गुरुजी शापाची बातमी लेकरापासून लपवतो. कचरू ती लपवू शकत नाही, कारण सगळे गाव ती त्याच्या लेकराच्या तोंडावर ओरडून सांगते. 'फँड्री' हा शब्दच त्यासाठी आहे. कैकाडी बोलीत तो डुकराला म्हणतात.

आता वकील म्हणून बोलतो. जब्याने त्या टग्यांविरुद्ध पोलीस ठाण्यात जाऊन ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायचा ठरवले, तर काय होईल? गुन्हा नोंदला जाणार नाही. ठाणे अंमलदार दुष्ट आहे म्हणून नव्हे, तर कायदाच तसा आहे म्हणून. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. कैकाडी ही जात अनुसूचित आहे ती अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि राजुरा तालुका सोडून चंद्रपूर या जुन्या जिल्ह्यांत. उरलेल्या महाराष्ट्रात तोच कैकाडी विमुक्त जाती. म्हणजे एक रेषा आहे. रेषेच्या पलीकडे जब्याला शिवी देणारा तुरुंगात जाऊ शकतो, रेषेच्या अलीकडे जब्याच्या अंगावर डुक्कर घेऊन चालायचे एवढेच काम उरते. त्याला १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, हे खरे. त्यात अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे. पण त्या कायद्याच्या १२ व्या कलमाने कोर्टाला जे गृहीत धरायला सांगितले, की कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले, ते गृहीतक पुन्हा अनुसूचित जातीच्या फिर्यादीपुरतेच. जब्याने ते स्वतः सिद्ध करायचे. साक्षीदार कोण? तेच गाव, जे कुंपणावर बसून डुकरांची शिकार बघत हसत होते.

याच कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांच्या १९८० च्या आत्मकथनाचे नाव 'उपरा'. बाहेरचा. जपानी गोष्टीतल्या शापितांनाही हेच नाव आहे. हा योगायोग आहे, पण रिकामा योगायोग नाही. आत-बाहेर अशी विभागणी करून ज्यांनी ज्यांनी राज्य केले, त्यांनी बाहेरच्याला हेच एक नाव ठेवले.

ही रेषा नगर जिल्ह्यातच आहे असे समजू नका. ती आमच्या चाकणमधूनही जाते. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी इथल्या खोल्यांमध्ये बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे कामगार दाटीने राहतात. त्यांत आपले लोक किती आहेत हे त्यांच्या खोलीत चहा प्यायला बसल्यावर कळते. तिकडे तो माणूस अनुसूचित जातीचा. इथे त्याची जात यादीत नसली तर सवलतीपुरता कोणीच नाही. ते १९९० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ठरून गेले आहे. पण इथे त्याला जातीवरून मारले तर? कैक वर्षे आरोपीचा वकील उठून म्हणायचा, साहेब, फिर्यादीची जात या राज्यात अनुसूचित नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा बचाव मोडीत काढला. अनुसूचित जातीच्या माणसाला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण देशात कुठेही मिळेल, राज्याची सीमा ओलांडली म्हणून ते गळून पडणार नाही, असे त्या निकालाचे सार आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी हा निकाल खिशात ठेवावा. चाकणच्या पट्ट्यात त्याची गरज पडते. पण ज्याचा जन्मच रेषेच्या अलीकडचा आहे, त्या जब्याचे काय? क्षेत्रीय बंधन उठवा, ही मागणी जुनी आहे, आणि अनुच्छेद ३४१ प्रमाणे यादीत बदल करणे संसदेच्या हातात आहे. आपण आपल्या मोर्च्यांत भटक्या-विमुक्तांची ही मागणी किती वेळा पहिल्या क्रमांकावर घेतली, ते प्रत्येक संघटनेने आपापली जुनी निवेदने काढून बघावे.

जपानकडे परत येतो, कारण जपान म्हणजे सगळे बुद्धाचे, तिथे कसली अस्पृश्यता, असे आपले लोक भाबडेपणाने म्हणतात. कातडे कमावणाऱ्या, मेलेली जनावरे उचलणाऱ्या लोकांना जपानातही वस्तीबाहेर ठेवले होते. त्यांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ साली जपानी सरकारने फतवा काढून हा हीन दर्जा रद्द केला. त्याच १८७१ साली इंग्रज सरकारने इकडे गुन्हेगार जमातींचा कायदा करून माणसांना जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. कैकाडीही त्यात आले. तिकडे कागदावर दार उघडले, इकडे कागदावर दार बंद झाले. ते आपल्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ ला उघडले. पण नुसत्या फतव्याने काय होते? बुराकुमिनांना १९२२ साली क्योटोत 'सुइहेइशा' ही संघटना काढून स्वतः उठावे लागले. ते साल लक्षात ठेवा, पाचच वर्षांनी आपला महाड झाला. पुढे १९७५ मध्ये असे उघडकीस आले की बुराकू वस्त्यांची नावे-पत्ते छापलेली यादी चोरून विकली जात होती आणि ती विकत घेणाऱ्यांत मोठमोठ्या कंपन्या होत्या. नोकरी देण्यापूर्वी पत्ता तपासून घ्यायला. आमच्याकडे यादी छापायचा खर्च करावा लागत नाही. खोली भाड्याने मागायला गेले की मालक एवढेच विचारतो, "आडनाव काय म्हणालात?"

म्हणजे नागाबेची गोष्ट बुराकूंवर लिहिलेली आहे काय? तसा दावा मी करीत नाही. गोष्टीतला देश कुठलाच नाही, कपडे युरोपातल्या जुन्या लोककथेतले आहेत. पण आत-बाहेर आणि शिवाशिव यांची गोष्ट ज्या देशातून येते त्या देशाला स्वतःचा इतिहास आहे, इतके ध्यानात असू द्यावे.

आता प्राध्यापक मित्रांचा आक्षेप. त्यात एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे. या चित्रपटात शापाला कर्ता नाही. तो पावसासारखा येतो. सैनिक दुष्ट आहेत, पण तेही भ्यालेले. शेवटी बघणाऱ्याच्या मनात हळहळ राहते, आणि हळहळीला कोणाचाच पत्ता सापडत नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत हे धोक्याचे आहे, कारण पूर्वजन्मीचे पाप, नशीब, कर्म ही औषधे आपल्याला शेकडो वर्षे पाजली गेली ती याच बाटलीतून. आपल्या शापाला कर्ता आहे. त्याने ग्रंथ लिहिला, आणि २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये तो ग्रंथ जाळला गेला. जातपंचायत बसवून कुटुंब वाळीत टाकणारेही नावागावाचे लोक असतात. म्हणून तर २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करता आला. पावसावर खटला भरता येत नाही, माणसावर येतो. मी चित्रपट थांबवून मुलांना हे सांगितले. सांगणारा शेजारी असला तर ही उणीव भरून निघते, इतपतच ती उणीव आहे.

पण मित्रांच्या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे, ते मला मान्य नाही. बहिष्कृत लेकराची गोष्ट म्हणजे फक्त अन्यायाची आणि दगडाचीच असली पाहिजे, सौम्य गोष्ट म्हणजे शरणागती, हे गृहीत. आपल्या घराजवळच देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला स्वतःच्या हाताने बुद्धमूर्ती बसवली. तारीख पाहा. ज्या तारखेला ग्रंथ जाळला त्याच तारखेला, सत्तावीस वर्षांनी, ही मूर्ती. दोन्ही कामे एकाच माणसाची. आणि त्या माणसाने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना सोपाकाची गोष्ट गाळली नाही. स्मशानात जन्मलेले, आई गेलेले पोर. स्मशानाच्या राखणदाराने त्याला आपल्या सुप्पियाबरोबर वाढवले. सातव्या वर्षी सोपाक तथागतांकडे गेला आणि संघात आला. पुढे सुप्पियाने धम्म शिकून घेतला तो कोणाकडून? सोपाकाकडून, आपल्या सोबत्याकडून. सोपाकाचा समाज आपल्याहून खालचा मानला जातो, हे ठाऊक असून. हीही टाकलेल्या लेकराची आणि त्याच्या सोबत्याचीच गोष्ट आहे. तिच्यात दगड नाही. तरी ती वर्णव्यवस्थेला जे करते ते पुष्कळ दगडांना जमलेले नाही.

सोबती. चित्रपट बघताना माझे लक्ष शेवटी या एका शब्दावर येऊन थांबले. शिवाला न्याय मिळत नाही, घर मिळत नाही, सोबत मिळते. जब्याला पिऱ्या मिळतो. मसूरला चार पोरे एकत्र होती, एकटा भीमा त्या रात्री काय करता? मी वीसेक वर्षे कोर्टात काढली. स्पर्श नाकारणाऱ्याला शिक्षा देणारी कलमे माझ्या तोंडपाठ आहेत. सोबत देणारे कलम शोधायला बसलो तर हाताला फार थोडे लागते. बाबासाहेबांनी बंधुता हा शब्द घटनेच्या उद्देशिकेत घालण्याचा आग्रह धरला तो ही पोकळी त्यांना दिसत होती म्हणून.

तरी एक कलम आहे. शिक्षण हक्क कायद्याचे १२(१)(क). खाजगी शाळेने पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या. सगळे त्याला फुकट प्रवेशाचे कलम म्हणतात. मी त्याला बाकाचे कलम म्हणतो. कंपनीतल्या मॅनेजरचे पोर आणि ओटा स्कीममधल्या धुणीभांडीवालीचे पोर वयाच्या सहाव्या वर्षी एका बाकावर बसले, एकमेकांच्या डब्याला हात लावला, तर पुढे शिवाशिव शिकवायला फार उशीर झालेला असतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम उचलून धरले. ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या पंचवीस टक्क्यांतून मोकळीक. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात एका किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा कुठे नसते? म्हणजे पुन्हा रेषाच. आतली मुले आत, बाहेरची बाहेर. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. त्या पाच महिन्यांत आपल्या किती संघटना रस्त्यावर आल्या? पुतळ्याला धक्का लागला तर तासाभरात शहर बंद करणारे आपण, सहा वर्षांच्या लेकरांचे बाक काढून घेतले तेव्हा निवेदनावर भागवले. कोर्टात पालक गेले म्हणून वाचलो. प्रवेश मिळाल्यावर त्या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवल्याच्या, सहलीला न नेल्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात. पालक फिर्याद द्यायला धजत नाहीत. म्हणतात, "वकीलसाहेब, पोराला त्रास होईल." पुन्हा तीच कचरूची भीती.

विहारांना माझी एक विनंती आहे. उन्हाळी शिबिरात वक्तृत्व, सामान्यज्ञान, लेझीम हे सगळे राहू द्या. त्यात एक दुपार चित्रपटाची ठेवा. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना ही जपानी गोष्ट दाखवा, शेजारी बसून मराठीत सांगा, आणि शापाचा कर्ता कोण हे विचारायला त्यांना भाग पाडा. मोठ्यांना 'फँड्री' दाखवा, त्यांच्या आईबापांसह. आणि ज्या विहाराच्या हद्दीत कैकाडी, वडार, पारधी, कंजारभाट अशी वस्ती आहे, तिथल्या कार्यकर्त्यांनी त्या वस्तीतली मुले बोलावून आणावीत. सतरंजी एकच असावी. आमच्या शिबिरात त्या दिवशी तशी नऊ मुले आली होती. पहिला अर्धा तास ती दाराजवळच बसून होती.